सहा मतांची रात्र

कॅनडाचे पंतप्रधान जो क्लार्क यांचे अल्पमतातले सरकार गुरुवार, १३ डिसेंबर १९७९ रोजी रात्री दहाच्या सुमारास ओटावाच्या कॉमन्स सभागृहात पडले. बाजूने १३३, विरोधात १३९. त्या रात्रीपर्यंत सरकारला काय काय दिसत होते, आणि दिसूनही काय केले गेले नाही, त्याचा हा घटनाक्रम.

२२ मे १९७९. २०५ दिवस आधी.

सार्वत्रिक निवडणुकीचा निकाल लागला. २८२ जागांपैकी क्लार्क यांच्या प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला १३६, पिअर ट्रुडोंच्या लिबरल पक्षाला ११४, न्यू डेमोक्रॅटिक पक्षाला २६ आणि क्वेबेकपुरत्या उरलेल्या सोशल क्रेडिट पक्षाला ६. बहुमताला १४२ लागत होत्या.

त्याच रात्री दुसराही एक आकडा आला. मते लिबरलना जास्त पडली होती, सुमारे ४० टक्के. क्लार्कना सुमारे ३६. क्वेबेकच्या ७५ जागांपैकी त्यांच्या वाट्याला फक्त २ आल्या. अकरा वर्षे सत्तेवर असलेल्या ट्रुडोंना लोक कंटाळले होते एवढे त्या निकालातून नक्की कळत होते. क्लार्क हवे होते का, हे त्यातून कळत नव्हते. पुढच्या सात महिन्यांचे सगळे याच फरकात आहे.

४ जून. १९२ दिवस आधी.

क्लार्क यांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी त्यांना चाळीस वर्षे पूर्ण झाली. कॅनडाला इतका तरुण पंतप्रधान आधी मिळाला नव्हता.

लोकांच्या मनातले त्यांचे चित्र मात्र तीन वर्षांपूर्वीच ठरून गेले होते. फेब्रुवारी १९७६ मध्ये ते पक्षाचे नेते झाले, तेही चौथ्या फेरीत आणि अवघ्या ६५ मतांनी. टोरांटोच्या एका मोठ्या दैनिकाने मथळा दिला, ‘कोण हा जो?’ तो त्यांना कायमचा चिकटला. जानेवारी १९७९ मध्ये ते विरोधी पक्षनेते म्हणून जगाच्या दौऱ्यावर निघाले. वाटेत सामान हरवले. भारतात एका शेतकऱ्याशी बोलताना त्यांनी जमिनीचे एकूण क्षेत्र विचारले, ते इतक्या पुस्तकी शब्दांत की बरोबरच्या पत्रकारांनी ते वाक्य मायदेशी पोहोचवले आणि कॅनडा हसला. पत्नी मॉरीन मॅकटीर यांनी लग्नानंतर माहेरचे नाव ठेवले, त्यावरही बोलले गेले.

याच माणसाच्या सरकारने जुलैमध्ये व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून जीव मुठीत घेऊन निघालेल्या ५०,००० निर्वासितांना घ्यायचे ठरवले. हे काम त्या हरवलेल्या सामानापेक्षा फार मोठे होते. पण लोकांच्या लक्षात सामान राहिले.

उन्हाळा. सुमारे १५० दिवस आधी.

क्लार्क यांनी ठरवले होते की बहुमत असल्यासारखा कारभार करायचा. त्यामागे एक आठवण होती. जून १९५७ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या जॉन डिफेनबेकर यांना ११२ जागांचे अल्पमत मिळाले होते. नऊ महिन्यांनी, १९५८ मध्ये, त्यांनी पुन्हा निवडणूक घेतली आणि २६५ पैकी २०८ जागा जिंकल्या. क्लार्क तेव्हा शाळकरी वयाचे होते आणि डिफेनबेकर त्यांचे दैवत. मे १९७४ मध्ये ट्रुडोंचे अल्पमतातले सरकार अर्थसंकल्पावरच पाडले गेले, आणि जुलैत तेच बहुमताने परत आले. दोन्ही वेळा सत्तेवर बसलेल्याचा फायदा झाला. त्यावरून क्लार्कच्या माणसांनी सिद्धांत बांधला : सरकार पाडणाऱ्याला जनता शिक्षा करते.

डिफेनबेकर ऑगस्टमध्ये वारले. त्यांची जागा पोटनिवडणुकीत न्यू डेमोक्रॅटिक पक्षाने घेतली आणि त्या पक्षाचे २७ झाले. सोशल क्रेडिटचा एक सदस्य सरकारकडे आला, म्हणून सरकार १३६ वर राहिले आणि सोशल क्रेडिटकडे ५ उरले.

या पाच जणांना मान हवा होता. अधिकृत पक्षाचा दर्जा मिळायला १२ सदस्य लागत. अट थोडी सैल करा, अशी त्यांची मागणी होती. क्लार्क यांनी ती नाकारली.

९ ऑक्टोबर. ६५ दिवस आधी.

संसद भरली. निवडणुकीनंतर साडेचार महिने गेले होते. नव्या सरकारला लोक जे चार दिवस सांभाळून घेतात, ते सभागृहाचे दार उघडण्याआधीच संपले होते. या काळात एक मोठी घोषणा झाली होती, इस्रायलमधला दूतावास तेल अवीवहून जेरुसलेमला हलवण्याची. अरब देशांनी डोळे वटारले आणि ऑक्टोबरअखेर ती मागे घ्यावी लागली. त्याच महिन्यात मध्यवर्ती बँकेचा दर १४ टक्क्यांवर गेला. व्याजदर उतरवू, कर कमी करू, हे प्रचारातले वचन होते. घराच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला दिसत होता तो चढलेला दर.

२१ नोव्हेंबर. २२ दिवस आधी.

ट्रुडोंनी लिबरल पक्षाचे नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. नवा नेता पुढच्या वसंतात निवडायचा होता. सरकारी बाकांवर सुटकेची भावना पसरली. बिननेत्याचा पक्ष निवडणूक ओढवून घेणार नाही, असे सगळ्यांनीच धरून चालले. हे चूक ठरू शकते, असे त्या आठवड्यात कुणाला वाटले असेल तर ते वरपर्यंत गेले नाही.

याच दिवसांत क्लार्क यांच्याकडे एक गोष्ट होती जी सांगितली असती तर लोकांचे मत बदलले असते. तेहरानमध्ये अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला तेव्हा निसटलेले सहा अमेरिकी कॅनडाच्या राजनैतिक अधिकाऱ्यांच्या घरी लपले होते. राजदूत केन टेलर त्यांना सांभाळत होते. ते उघड होणे म्हणजे त्या सहांचा जीव जाणे. क्लार्क गप्प राहिले. या संपूर्ण हकिगतीत त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर इथे वाटतो.

डिसेंबरचा पहिला आठवडा. सुमारे १० दिवस आधी.

गॅलपची जनमत चाचणी प्रसिद्ध झाली. लिबरल ४७ टक्के, कॉन्झर्व्हेटिव्ह २८, न्यू डेमोक्रॅटिक २३. एकोणीस टक्क्यांची पिछाडी. मे महिन्यात ज्यांनी क्लार्कना मत दिले होते, त्यांच्यातलेही बरेच जण सोडून गेले होते.

हा आकडा छापील होता, कुणालाही वाचता येत होता. लिबरल खासदारांनी तो वाचला. सरकारने अर्थसंकल्पाची तारीख बदलली नाही.

मंगळवार, ११ डिसेंबर, रात्र. सुमारे ५० तास आधी.

अर्थमंत्री जॉन क्रॉस्बी अर्थसंकल्प मांडायला उभे राहिले. त्या दिवशी अर्थमंत्र्याने नवे बूट घालायची कॅनडात रीत आहे. न्यूफाउंडलंडच्या क्रॉस्बींनी सीलच्या कातड्याचे, बर्फात घालायचे मक्लक घातले होते.

भाषणाचा गाभा एका ओळीत होता : वाहनांच्या इंधनावर गॅलनमागे १८ सेंट वाढीव कर. लिटरमागे जवळजवळ ४ सेंट. तूट भरून काढायची तर आज थोडा त्रास सोसावा लागेल, पुढे लाभ होईल, असे क्रॉस्बींचे म्हणणे होते. अर्थशास्त्र म्हणून ते चुकीचे नव्हते. पण ते करकपातीचे वचन देऊन निवडून आलेल्या सरकारचे भाषण होते, आणि ज्या देशात दुकान, शाळा, कामाची जागा सगळे गाडीने गाठायचे, तिथे ख्रिसमसच्या दोन आठवडे आधी ते केले गेले.

बुधवार, १२ डिसेंबर, सकाळ. सुमारे ३६ तास आधी.

लिबरल खासदारांची बैठक झाली. सभागृहातले जुने मुरब्बी ॲलन मॅकएकन बोलले. हा अर्थसंकल्प पाडलाच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. बैठक संपली तेव्हा पक्षाला नवा नेता नव्हता, पण निश्चय झाला होता.

बुधवार, दुपार. सुमारे ३० तास आधी.

न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे तरुण खासदार बॉब रे यांनी उपसूचना मांडली. व्याजदर उतरवणे, कर कमी करणे, अर्थव्यवस्थेला गती देणे या वचनांचा सरकारने विश्वासघात केला आहे आणि त्यासाठी जनतेचा कौल घेतलेला नाही, म्हणून सभागृह त्याचा निषेध करते, असा तिचा आशय. मतदान दुसऱ्या रात्री होणार होते.

सोशल क्रेडिटचे नेते फाबियन रोआ यांची अट होती की नव्या इंधनकराचा पैसा क्वेबेकला मिळावा. क्लार्क यांनी नकार दिला. तत्त्व म्हणून तो नकार समजू शकतो. एका प्रांताला दिले की नऊ प्रांत उभे राहतात. पण नकारानंतर दुसरे काही त्यांच्यापुढे ठेवले गेले नाही.

गुरुवार, १३ डिसेंबर, सकाळ. सुमारे १२ तास आधी.

पंतप्रधानांच्या कार्यालयातल्या बैठकीत संसदीय कामकाज पाहणाऱ्या एका तरुण सहायिकेने सरळ सांगितले : आज रात्री आपण हरणार. तिने डोकी मोजली होती.

मोजायला अवघडही नव्हते. परराष्ट्रमंत्री फ्लोरा मॅकडोनाल्ड नाटोच्या बैठकीसाठी ब्रुसेल्सला. लॉइड क्राऊस दक्षिण पॅसिफिकच्या सहलीवर. ॲल्विन हॅमिल्टन आजारी. १३६ मधून तीन गेले, १३३ उरले.

गुरुवार, दुपारी १२. सुमारे १० तास आधी.

ब्रुसेल्समध्ये संध्याकाळचे सहा वाजले होते. मॅकडोनाल्ड तिथून वेळेत परतण्याची वाट बंद होत होती, किंवा झालीच होती.

एक वाट अजून उघडी होती. सभागृहात कुठला विषय कधी घ्यायचा हे सरकारच्या हातात असते. अर्थसंकल्पाची चर्चा त्या दिवशी न घेता दुसरे कामकाज लावले असते, तर मतदान पुढे गेले असते. मॅकडोनाल्ड आल्या असत्या, रोआंशी आणखी एकदा बोलता आले असते, नाताळची सुट्टी लागली असती. हा उपाय सरकारमधल्या लोकांना माहीत होता. तो वापरला नाही. पाडायचे तर पाडू द्या, जनता आपल्या बाजूने उभी राहील, हा १९५८ चा सिद्धांत अजून कायम होता.

गुरुवार, संध्याकाळी ६. सुमारे ४ तास आधी.

जेवणासाठी सभागृह थांबले. लिबरल पक्षाचे प्रतोद फोनवर होते. आजारी खासदारांनाही आणले जात होते. ११४ पैकी एक सभापती जेम्स जेरोम, त्यांना बरोबरी झाल्याशिवाय मत नाही. उरलेल्या ११३ पैकी एकच जण येऊ शकला नाही.

गुरुवार, रात्री ८. सुमारे २ तास आधी.

सभागृह पुन्हा भरले. गॅलऱ्या भरल्या. चर्चा चालू राहिली. आता कुणाचे मत बदलायचे राहिले नव्हते, फक्त मोजायचे राहिले होते.

गुरुवार, रात्री १० च्या सुमारास.

मतदानाची घंटा थांबली. सदस्य एकेक करून उभे राहू लागले. लिपिक नावे पुकारत गेला. ११२ लिबरल, २७ न्यू डेमोक्रॅटिक : १३९. सरकारच्या बाजूने १३३. सोशल क्रेडिटचे पाच जण आपल्या जागी बसून राहिले.

क्लार्क उठले. हा विश्वासाचा प्रश्न मानण्यावाचून गत्यंतर नाही, उद्या सकाळी गव्हर्नर जनरलना भेटतो, असे त्यांनी सांगितले. ब्रुसेल्समध्ये पहाटेचे चार वाजले होते.

त्यानंतर.

१४ डिसेंबरला गव्हर्नर जनरल एड श्रायर यांनी संसद विसर्जित केली. १८ डिसेंबरला ट्रुडोंनी राजीनामा गुंडाळून ठेवला आणि लिबरलांचे नेतृत्व पुन्हा घेतले. जानेवारीच्या अखेरीस सहा अमेरिकी कॅनडाच्या पासपोर्टवर तेहरानहून सुखरूप बाहेर पडले आणि ती गोष्ट जगाला कळली. अमेरिकेत घरांवर कॅनडाचे झेंडे लागले. कॅनडात मत बदलायला तीन आठवडे पुरले नाहीत.

१८ फेब्रुवारी १९८० रोजी निकाल लागला. लिबरल १४७, कॉन्झर्व्हेटिव्ह १०३, न्यू डेमोक्रॅटिक ३२. सोशल क्रेडिट शून्य. त्या रात्री बसून राहिलेल्या पाचांपैकी एकही परत आला नाही, आणि त्यांचा पक्ष कॉमन्समध्ये पुन्हा कधीच निवडून आला नाही.

गैरहजर तिघे आले असते तर सरकारची मते १३६ झाली असती आणि ते हरले असते. फक्त रोआंचे पाच जण उठले असते तर १३८, तरी एका मताने हरले असते. दोन्ही झाले असते तर १४१.