कुरितीबा : बसमार्ग व नगरविकास

ब्राझीलमधील पाराना राज्याच्या राजधानीत राबवलेली, सार्वजनिक वाहतूक आणि जमीनवापर यांची सांगड घालणारी नगररचना. १९६६ च्या विकास आराखड्याने शहराची वाढ ठरावीक अक्षांवर वळवली. वास्तुविशारद महापौर झायमे लेर्नर यांच्या कारकिर्दीत १९७४ मध्ये जलद बस सुरू झाली.

प्रत्येक अक्षावर तीन समांतर रस्ते असतात. मधल्या रस्त्यावर फक्त बससाठी राखीव मार्गिका व कडेने स्थानिक वाहतूक, तर एकेक गल्ली सोडून दोन्ही बाजूंना एकेरी वेगवान रस्ते. उंच इमारतींना परवानगी मुख्यतः याच पट्ट्यात. अक्षापासून दूर जाताना उंची उतरत जाते. त्यामुळे बसला प्रवासी दारातच मिळतात. १९९१ पासून काचेचे नळीसारखे थांबे आले : तिकीट आधीच काढायचे, फलाट बसच्या तळाच्या उंचीचा, बसमध्ये शिरताना पायऱ्या चढणे नाही.

नदीकाठच्या पूरप्रवण जमिनी बांधकामाला न देता बारिगीसारखी उद्याने केली. तेथील तळे पुराचे पाणी सामावून घेते. मात्र अक्षांवरील घरे महागली, गरीब वस्ती उपनगरांकडे सरकली. या योजनेच्या कौतुकात ही बाजू बहुधा गाळली जाते. शहरात खासगी मोटारीही भरपूर आहेत.