गेम-डिस्क अडकणे : वापरलेल्या डिस्कचे निदान व उपाय

गेम-डिस्क अडकणे : प्लेस्टेशन, एक्सबॉक्स यांसारख्या कन्सोलवर डिस्कवरचा खेळ मध्येच थिजणे, आवाज तुटक येणे किंवा डिस्क वाचता येत नसल्याचा संदेश येऊन खेळ बंद पडणे. जुनी डिस्क संभाजीनगरात पैठण गेटच्या बाजारात घेतलेली असो वा सिडकोतल्या कॅनॉटमध्ये भेटून कुणाकडून, ती अडकली की पहिला संशय चऱ्यांवर जातो. तो बरेचदा खरा असतो, पण नेहमी नाही. डिस्कचे काम प्रत्येक पिढीच्या कन्सोलमध्ये वेगळे आहे. त्यामुळे मशीन कोणते, हे पाहिल्याशिवाय डिस्क पुसायला घेऊ नये.

डिस्क १२० मिलिमीटर व्यासाची, पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असते. माहितीचा थर या प्लास्टिकच्या आत दडलेला असतो, आणि किती आत यावर तिचे आयुष्य ठरते. सीडीत तो चकाकत्या बाजूपासून सुमारे १.२ मिमी खोल, म्हणजे थेट छापील बाजूच्या खाली असतो. म्हणून सीडीला खरा धोका चित्राच्या बाजूने असतो. तिथे टोकदार वस्तू लागली की चंदेरी थरच निघतो. डीव्हीडीत दोन पातळ चकत्या चिकटवलेल्या असल्याने थर मधोमध, ०.६ मिमीवर येतो. ब्ल्यू-रेमध्ये मात्र तो चकाकत्या पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिमीवर असतो. वर कठीण लेप असतो, त्यामुळे तिच्यावर सहसा चरे पडत नाहीत. पण पडलेच तर खोल चऱ्याला फारसा उपाय नाही.

चऱ्याची दिशाही पाहावी. माहिती गोलाकार मार्गाने, केंद्राकडून कडेकडे लिहिलेली असते. तिच्यात चुका भरून काढणारी जादा माहिती मिसळलेली असते, त्यामुळे मार्गाला आडवा जाणारा, म्हणजे केंद्रातून कडेकडे गेलेला चरा मशीन बहुधा पचवते. मार्गाच्याच दिशेने गेलेला बारीकसा चरा सलग माहिती खातो आणि भरपाईची सोय तिथे तोकडी पडते. डिस्क आतून बाहेर सरळ पुसावी, गोल फिरवत पुसू नये, असे सांगतात ते याचसाठी.

प्लेस्टेशन २ हे मशीन (२०००) खेळ चालू असताना सतत डिस्क वाचत राहते. त्यामुळे त्यावर निदान सोपे : खेळ दर वेळी त्याच दाराशी, त्याच व्हिडिओला थिजत असेल तर दोष डिस्कचा, कधी इथे कधी तिथे थिजत असेल तर लेन्स किंवा उष्णतेचा. आणखी एक खूण आहे. या मशीनचे काही खेळ निळ्या पाठीच्या सीडीवर आणि बाकीचे चंदेरी डीव्हीडीवर येत. सीडीला ७८० आणि डीव्हीडीला ६५० नॅनोमीटरचा लेझर लागतो. निळ्या सगळ्या चालतात आणि चंदेरी सगळ्या अडकतात, किंवा उलट, असे दिसले तर डिस्कांना दोष देण्यात अर्थ नाही; एक लेझर थकला आहे. ‘गॉड ऑफ वॉर २’सारख्या दोन थरांच्या डीव्हीडीवर हा थकवा आधी उघडा पडतो, कारण तिथे लेझरला एका थरावरून दुसऱ्यावर नेम धरावा लागतो.

चिप मारलेल्या प्लेस्टेशन २ वर कॉपी डिस्क चालत, आणि जुन्या संग्रहात त्या आजही सापडतात. छापील डिस्कमध्ये माहितीचे खड्डे साच्याने उमटवलेले असतात. कॉपीत ती सेंद्रिय रंगाच्या थरात जाळून लिहिलेली असते. हा रंग उन्हाने आणि काळाने विटतो, त्यावरून प्रकाशही कमी परततो, आणि म्हाताऱ्या लेन्सला ती वाचवत नाही. ओळखायचे तर चकाकत्या बाजूचे मधले कडे भिंगातून पाहावे : छापील डिस्कवर तिथे कोरीव क्रमांक आणि बहुधा ‘आयएफपीआय’ ही बारीक अक्षरे असतात. कॉपी अडकत असेल तर तिच्यावर वेळ घालवू नये.

एक्सबॉक्स ३६० च्या वापरलेल्या डिस्कवर एक खास व्रण आढळतो : कंपासने काढावे तसे स्वच्छ वर्तुळ. डिस्क फिरत असताना कन्सोल उभ्याचा आडवा केला किंवा हलवला की ती आतल्या भागाला घासून हा व्रण पडतो. तो मार्गाच्याच दिशेने असल्याने घातक ठरतो. या चऱ्यांवरून अमेरिकेत ग्राहकांनी लढवलेला खटला २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. निकाल अपिलाच्या कार्यपद्धतीवर झाला, चऱ्यांवर नाही. नोव्हेंबर २००८ पासून या कन्सोलला खेळ हार्ड डिस्कवर उतरवून घेण्याची सोय आली आणि तीच उत्तम तपासणी आहे. उतरवणे दर वेळी त्याच टक्क्याला थांबत असेल तर व्रण त्या जागेवर आहे. पूर्ण झाले, तर डिस्क आत ठेवून खेळ सुरळीत चालतो.

प्लेस्टेशन ४ ने (भारतात जानेवारी २०१४) सगळा हिशेबच बदलला. इथे संपूर्ण खेळ हार्ड डिस्कवर उतरतो आणि नंतर डिस्क केवळ मालकीची किल्ली म्हणून आत लागते. म्हणून खेळ पूर्ण उतरल्यानंतर मध्येच थिजत असेल तर डिस्क पुसणे व्यर्थ. मात्र हा कन्सोल थोडा भाग उतरताच खेळायला देतो आणि उरलेला मागे उतरत राहतो; त्या काळात थिजल्यास दोष डिस्कचा असू शकतो. आधी पूर्ण उतरू द्यावे, मगच निष्कर्ष काढावा. कधी खेळच सदोष असतो. ‘सायबरपंक २०७७’ प्लेस्टेशन ४ वर इतका बंद पडे, की डिसेंबर २०२० मध्ये सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि जून २०२१ मध्ये परत ठेवला. डिस्कवर बहुधा पहिलीच आवृत्ती असते. दुरुस्त्या इंटरनेटवरून उतरवाव्या लागतात.

संभाजीनगरचे हवामान या निदानात शिरतेच. प्लेस्टेशन ४ साठी सोनीने सांगितलेली तापमानमर्यादा ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत टीव्हीच्या कपाटात कोंबलेला कन्सोल त्या मर्यादेत राहणे अशक्यच. दुपारी अडकणारा खेळ रात्री अकराला नीट चालत असेल तर दुसरे कारण शोधू नये; मागची धूळ काढावी आणि कपाटाबाहेर ठेवावा. कुलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नये, ती दमट हवा लेन्सवर पापुद्रा धरते. खेळ उतरत असताना लाईट गेली तर हार्ड डिस्कवरची नोंद विस्कटते. अशा वेळी कन्सोल बंद करून बटण दुसऱ्या बीपपर्यंत, सुमारे सात सेकंद, दाबून धरावे आणि ‘सेफ मोड’मधून डेटाबेस पुन्हा बांधावा. त्यात खेळाची प्रगती पुसली जात नाही. तरीही अडले तर खेळ काढून नव्याने उतरवावा.

डिस्क धुण्याची पद्धत साधी आहे, पण इथे पाण्याची अडचण. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते आणि मध्ये बोअर किंवा टँकरवर भागते. बोअरचे जड पाणी वाळले की पांढरे ठिपके उरतात. म्हणून फिल्टरचे पाणी आणि भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घ्यावा, आणि चष्म्याच्या मऊ फडक्याने आतून बाहेर टिपावे. आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर आणि पेट्रोल पॉलिकार्बोनेटला खातात, ते वापरू नये. टूथपेस्टचा प्रयोग डीव्हीडीच्या उथळ चऱ्याला क्वचित लागू पडतो. ब्ल्यू-रेवर तो निव्वळ नुकसान आहे. मशीनने पॉलिश करणे सीडी-डीव्हीडीला चालते, कारण तिथे घासायला प्लास्टिक शिल्लक असते. उजेडात धरल्यावर डिस्कमध्ये टाचणीएवढा आरपार उजेड दिसला तर माहितीचा थरच गेला आहे, आणि ती दुरुस्त होत नाही.

विकत घेताना मेनू दिसला म्हणजे डिस्क चांगली, असे समजू नये. विक्रेत्याच्या प्लेस्टेशन ४ वर खेळ आधीच उतरवलेला असेल तर खराब डिस्कही चालताना दिसते. तो खेळ त्याला आधी काढून टाकायला सांगावा, मग डिस्कवरून शेवटपर्यंत उतरू द्यावा. तेवढा वेळ द्यायला विक्रेता तयार नसेल तर ती डिस्क घेऊ नये.