दाढीच्या आडून आलेला सुगंध

मिसरूड फुटते, पाठोपाठ घरात रेझर येतो आणि रेझरच्या शेजारी कोलन किंवा आफ्टरशेव्हची बाटली येऊन बसते. मुलगा वयात आल्याच्या खुणांपैकी ही एक खूण झाली आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की दाढी व सुगंध यांचे नाते निसर्गानेच जुळवले असावे असे वाटते. प्रत्यक्षात या जोडीचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे. ती का जुळली हे पाहायचे तर सुगंधाच्या व्यापाराचा गेल्या तीनशे वर्षांचा प्रवास तपासावा लागतो. त्यातून निघणारा निष्कर्ष थोडक्यात असा: एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून युरोप-अमेरिकेतल्या पुरुषाला निव्वळ आवडतो म्हणून सुगंध लावण्याची मोकळीक उरली नाही. त्याला सबब लागू लागली. आधी आरोग्याची आणि स्वच्छतेची, मग दाढीची, शेवटी बायका भुलतील याची. आजचा तरुण दुकानात उभा राहून ‘आपली’ बाटली निवडतो तेव्हा या सबबींपैकी एखादी त्याच्या हातात आधीच ठेवलेली असते.

कोलनची सुरुवात मात्र सबबीने झाली नाही. जर्मनीतल्या कोलोन शहरात १७०९ मध्ये फरिना या इटालियन घराण्याची पेढी उभी राहिली. तिच्या योहान मारिया फरिनाने बर्गामॉट, लिंबू, संत्रे, संत्र्याचा मोहोर अशा जिनसांची तेले द्राक्षाच्या शुद्ध मद्यार्कात मुरवून एक हलके, ताजे पाणी तयार केले आणि त्याला आपल्या नव्या गावाचे नाव दिले. त्या काळच्या दरबारांत कस्तुरी, जबादी अशा जड, प्राणिज वासांची चलती होती. त्यांच्यापुढे हे पाणी अगदीच वेगळे वाटले. विशेष म्हणजे ते बाईचे की पुरुषाचे, हा प्रश्न कोणाला पडला नाही. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या दरबारात स्त्रीपुरुष दोघेही सारखेच माखलेले असत. शिवाय हे पाणी नुसते लावण्याचे नव्हते. साखरेवर थेंब टाकून किंवा वाइनमध्ये मिसळून ते पोटातही घेतले जाई, आणि विक्रेते त्याला अनेक दुखण्यांवरचा उतारा म्हणून खपवत. नेपोलियन कोलनचा प्रचंड वापर करी; तोही आंघोळीनंतर अंग चोळून घेण्यासाठी, म्हणजे अर्धा शृंगार आणि अर्धी मालिश अशा थाटात. याच नेपोलियनच्या राजवटीत १८१० मध्ये हुकूम निघाला की गुप्त औषधांच्या कृती सरकारला उघड कराव्यात. कृती हातची जाऊ द्यायची नसेल तर औषध असल्याचा दावा सोडणे भाग होते. कोलन बनवणाऱ्यांनी तो सोडला आणि यापुढे हे केवळ सुगंधी पाणी आहे असे जाहीर केले. औषधीपणाचा वास मात्र त्याला चिकटून राहिला, आणि पुढे तोच त्याच्या कामी आला.

कारण याच सुमारास पुरुषाच्या वेषात मोठी उलथापालथ होत होती. रेशीम, लेस, पावडर लावलेले टोप, उंची सुगंध हे सगळे सरंजामी ऐषारामाचे अवशेष ठरले आणि काळा कोट, पांढरी कॉलर हा कामकरी सभ्य गृहस्थाचा गणवेश झाला. जे. सी. फ्लूगेल या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये या बदलाला पुरुषांचा महासंन्यास असे नाव दिले. लंडनच्या छानछोकीचा आदर्श मानला गेलेला बो ब्रमेल सुगंधाऐवजी भरपूर, स्वच्छ धुतलेल्या तागाच्या कपड्यांचा पुरस्कर्ता होता, हे या बदलाचे नेमके लक्षण. आता स्वच्छ माणसाला वास नसावा अशी अपेक्षा रूढ झाली, आणि वास येणारा पुरुष बायकी तरी किंवा काहीतरी लपवणारा तरी, असा संशय आला. या संन्यासातून कोलन वाचले ते आपल्या औषधी पूर्वेतिहासामुळे. ते रुमालावर टाकता येई, डोके दुखले तर कपाळावर लावता येई, प्रवासात तोंड पुसता येई. सुगंध म्हणून जे वर्ज्य होते ते आरोग्याच्या दाखल्यावर आत आले. ही पहिली सबब.

दुसरी सबब न्हाव्याच्या खुर्चीतून आली. दाढीनंतर सोललेल्या त्वचेवर काहीतरी चुरचुरणारे लावायचे ही गरज खरी होती. आपल्याकडे न्हावी तुरटीचा खडा फिरवत; कॅरिबियन बेटांवरून आलेले बे रम अमेरिकन सलूनांत त्याच कामी येई. सलूनमध्ये असेतोवर हा वास न्हाव्याच्या कामाचा भाग होता, गिऱ्हाइकाच्या आवडीचा नव्हे. मग जिलेटचा सुटी पाती बसवायचा रेझर आला. त्याचे पेटंट १९०४ चे. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले आणि रोज स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय लागलेली एक पिढी युद्धावरून घरी परतली. न्हाव्याच्या फळीवरची बाटली आता घरच्या आरशापुढे येऊ शकत होती. शुल्टन कंपनीची कहाणी इथे पुराव्यासारखी आहे. तिने १९३७ मध्ये ओल्ड स्पाइस बाजारात आणले ते स्त्रियांसाठी. पुढच्याच वर्षी त्याच नावाने दाढीचा साबण आणि आफ्टरशेव्ह आले, बाटलीवर शिडाची जहाजे आली आणि मसालेदार वासाचे ते नाव पुरुषांचे म्हणून जगभर पोचले. एका वर्षात पुरुषांचे नाक बदलले नव्हते. बदलले ते निमित्त आणि बाटलीवरचे चित्र. फ्रान्समध्ये कारों कंपनीने १९३४ मध्ये ‘पूर अन ऑम’, म्हणजे सरळसरळ ‘पुरुषासाठी’, या नावाने लॅव्हेंडर आणि व्हॅनिलाचा सुगंध काढला होता. पण खप आणि पसारा या दोन्ही दृष्टींनी पाहिले तर सामान्य माणसापर्यंत सुगंध पोचवला तो दाढीनेच. मुलाची पहिली बाटली नेमकी मिसरुडाच्या वयात का येते, याचे उत्तर इथे आहे. व्यापाऱ्याने ती रेझरच्या खुंटीला टांगली होती.

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. काही वास मुळातच पुरुषी असतात, लाकडाचे, मुळांचे, तंबाखूचे. आणि काही मुळातच बायकी, फुलांचे, गोडसर. व्यापाऱ्याने फक्त हा भेद ओळखला, निर्माण केला नाही. इतिहास या आक्षेपाला साथ देत नाही. उबिगाँच्या ‘फुझेर रोयाल’ने १८८२ मध्ये कृत्रिम कुमारिन वापरून लॅव्हेंडर आणि गवताच्या वासाचा जो साचा घडवला, तो आज पुरुषी सुगंधाचा पायाच समजला जातो, पण गेर्लँच्या १८८९ च्या ‘जिकी’त तेच लॅव्हेंडर आणि तेच कुमारिन आहे आणि ते बायकापुरुष दोघांनी लावले. वाळ्याचे उदाहरण आपल्याला जवळचे. त्याच्या मुळांच्या तेलावर आधारलेले कार्व्हां, जिव्हांशी आणि गेर्लँ या घरांचे सुगंध १९५७ ते १९५९ या अवघ्या दोनतीन वर्षांत निघाले आणि पश्चिमेत वाळा पुरुषी ठरला. आपल्याकडे तोच वाळा माठातल्या पाण्यात, खिडकीच्या पडद्यात आणि अत्तराच्या कुपीत कुणाच्याही नावावर न लागता शेकडो वर्षे नांदला. उलट गुलाब पश्चिमेत बाईच्या खात्यावर जमा झाला, पण भारतात आणि आखाती देशांत आजही पुरुष गुलाबाचे अत्तर बिनदिक्कत लावतात. भेद नाकात असता तर समुद्र ओलांडल्यावर तो असा उलटला नसता.

भारताचा दाखला इथे केवळ तुलनेसाठी नाही. सबबीशिवायचा पुरुषी सुगंध कसा दिसतो, हे पाहायला एवढा सलग पुरावा क्वचितच सापडतो. वात्स्यायनाचा नागरक सकाळी उटी लावतो, धूप घेतो, माळ घालतो, आणि त्याच्या शय्येजवळ सुगंधाची डबी असते. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीवर स्वतंत्र अध्याय लिहिला आणि सोळा द्रव्यांतून चार निवडली तर १८२० मिश्रणे होतात हा हिशेबही मांडला. निवडीचे कुतूहल तेव्हाही होते, फक्त त्यात स्त्रीपुरुषांचे कप्पे नव्हते. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराचा बाराव्या शतकातला मानसोल्लास राजाच्या उपभोगांत विलेपनाला मानाची जागा देतो. ‘गंधवाद’ नावाच्या ग्रंथावर तर मराठी टीका आहे; पुण्याच्या भांडारकर संस्थेतले विद्वान प. कृ. गोडे यांनी १९४५ मध्ये तिच्या हस्तलिखिताचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि तिचा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरवला. म्हणजे सुगंध कसे घडवावेत हे कोणीतरी मराठीतून समजावून सांगत होते. विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी अत्तरांवर फारसी ग्रंथ सिद्ध झाला. पुढे मराठी दरबारांत अत्तर, गुलाबपाणी आणि पानसुपारी झाली की भेट संपली असे समजले जाई, आणि तोच रिवाज लग्नमांडवात व हळदीकुंकवात उतरला. सभेतल्या पुरुषाच्या मनगटावर आणि सवाष्णीच्या हातावर एकाच अत्तरदाणीतले बोट फिरे. या रीतीत तरुण मुलगा सुगंध निवडत नसे. तो त्याला लावला जाई. कानात अत्तराचा फाया आला म्हणजे तो बैठकीत बसण्याजोगा झाला, एवढाच अर्थ. दाढीचा त्याच्याशी संबंध नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही सगळी चित्रे राजेरजवाड्यांची, सरदार-सावकारांची. गुलाबाचे खरे अत्तर गरिबाच्या वाट्याला कधी आले? शिवाय कोणाच्या हाताला अत्तर लावायचे आणि कोणाला दाराबाहेर ठेवायचे हे जातीने ठरत होते. बाजाराने मात्र कोणालाही काउंटरशी उभे केले, पैसे मोजणाऱ्याची जात विचारली नाही. हे मान्य केलेच पाहिजे. अत्तर-गुलाबाच्या मानमरातबाची हळहळ करणाऱ्याने त्या मानातून वगळलेल्यांची संख्या विसरू नये. स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी घेतलेली बाटली ही विसाव्या शतकाची खरी देणगी आहे, आणि ती लहान नाही. परंतु यातून मूळ मुद्दा खोडला जात नाही, उलट अधिक टोकदार होतो. बाजाराने खरेदीचे स्वातंत्र्य दिले, पण आवडीचे दिले नाही. सर्वांना काउंटरशी आणून त्याने तिथे दोन फळ्या मांडल्या आणि पुरुषांच्या फळीवर कारण चिकटवले.

ते कारण शतकाच्या अखेरीस तिसऱ्यांदा बदलले. रेझर घराघरांत जुना झाला, आफ्टरशेव्ह वडिलांचे वाटू लागले. मग आकर्षणाची सबब पुढे आली. युनिलिव्हरने १९८३ मध्ये फ्रान्समध्ये ॲक्स आणले, १९९९ मध्ये ते भारतात आले, आणि फवारा मारताच मुली मागे धावतात ही एकच गोष्ट अनेक कंपन्यांच्या जाहिराती निरनिराळ्या रीतींनी सांगू लागल्या. त्या इतक्या पुढे गेल्या की २०११ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाला डिओडरंटच्या जाहिराती सुधारा किंवा थांबवा असे सांगावे लागले, आणि २०२२ मध्ये एका बॉडी स्प्रेची जाहिरात बलात्काराला चालना देणारी आहे या टीकेनंतर मंत्रालयाने ती बंद करायला लावली. हा केवळ अभिरुचीचा घसरलेला स्तर म्हणून सोडून देता येत नाही. पुरुषाने स्वतःसाठी सुगंध लावणे लाजिरवाणे, पण शिकारीसाठी लावणे मर्दपणाचे, हे सबबीचे तर्कशास्त्र होते. त्याचा शेवट असाच होणार होता. आरोग्याची सबब निरुपद्रवी होती, दाढीची उपयोगी होती. तिसऱ्या सबबीची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाला मोजावी लागली.

कोणी म्हणेल, तरुण इतके भाबडे नसतात. जाहिरात पाहून हसतात आणि वास आवडला तर घेतात. हेही खरे, आणि बदलाची सुरुवात तिथूनच झाली आहे. १९९४ मध्ये केल्व्हिन क्लाइनचे ‘सीके वन’ स्त्रीपुरुष दोघांसाठी म्हणून निघाले आणि तरुणांनी ते डोक्यावर घेतले; त्याचा हलका लिंबूवर्गी स्वभाव फरिनाच्या पाण्याच्या जवळचा आहे, हा योगायोग नव्हे. अरबी पुरुषांच्या आवडीचा ऊद आता पॅरिसच्या बाटल्यांत दोन्ही फळ्यांवर दिसतो. तरीही दोन फळ्या टिकून आहेत, कारण दुकानात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या संकोची मुलाला त्यांचा आधार वाटतो, आणि भेट म्हणून विकत घेणाऱ्याला निर्णय सोपा होतो. त्या आधाराची थट्टा करण्याचे कारण नाही. पण तो आधार म्हणजे निसर्गनियम नव्हे, विक्रीची सोय आहे, एवढे त्या मुलाला कळले तर तो केवड्याचा वास केवडा आवडतो म्हणून घेऊ शकेल. नागरकाला यापेक्षा मोठे कारण लागले नव्हते, आणि फरिनाच्या पहिल्या गिऱ्हाइकांनाही नाही.