डिजिटल माहिती फलक : प्रक्षेपणातील दोष कसे शोधावेत

रेल्वे स्थानके, विमानतळ, रुग्णालये आणि बँका येथील डिजिटल माहिती फलकांमागे मीडिया प्लेअर नावाचा छोटा संगणक असतो. साठवलेल्या चित्रफिती आणि सूचना तो ठरलेल्या वेळापत्रकानुसार पडद्यावर दाखवतो. पडदा काळा पडला, तर दोष सर्वांना दिसतो. मात्र कालची सूचना आज दाखवणारा फलक लोकांची दिशाभूल करतो आणि ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्यामुळे प्लेअर केवळ बंद करून पुन्हा सुरू करण्याऐवजी दोषाचे मूळ शोधणे आवश्यक ठरते.

दुरुस्तीपूर्वी दोषाची वेळ आणि स्वरूप नोंदवावे. त्यानंतर एका वेळी एकच बदल करावा.

काळा पडदा : प्रथम पडद्याची स्वतःची मेनू सूची उघडून पाहावी. ती दिसल्यास पडदा चालू आहे, असे समजावे. मग योग्य एचडीएमआय जोडणी निवडली आहे का, हे तपासावे आणि चांगली चालणारी आखूड केबल लावून पाहावी. प्लेअर सुरू होताना पडद्याकडून त्याच्या क्षमतेची माहिती घेतो. त्या वेळी पडदा बंद असल्यास चित्र उमटत नाही. अशा वेळी आधी पडदा व नंतर प्लेअर सुरू करावा.

अडखळणारे चित्र : याचे कारण अनेकदा चित्रफितीच्या स्वरूपात असते. एच.२६४ हे मानक २००३ मध्ये, तर एच.२६५ हे २०१३ मध्ये मंजूर झाले. प्रत्येक प्लेअरमध्ये दोन्हींसाठी स्वतंत्र यंत्रणा असतेच असे नाही. उदाहरणार्थ, रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्हींची सोय आहे. २०२३ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ५ मध्ये मात्र ती केवळ एच.२६५ साठी असून एच.२६४ चा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. सुरळीत चालणारी दुसरी फाइल त्याच प्लेअरवर लावून पाहावी. ती नीट चालल्यास दोष पहिल्या फाइलमध्ये आहे, असे मानून ती उत्पादकाने सांगितलेल्या स्वरूपात पुन्हा तयार करावी.

वारंवार बंद पडणे : अपुरा वीजपुरवठा, बंदिस्त पेटीतील उष्णता आणि सतत लिहून झिजलेले मेमरी कार्ड ही याची प्रमुख कारणे होत. प्लेअरसोबत आलेलाच अडॅप्टर वापरावा आणि पेटीत हवा खेळती ठेवावी.

जुनी सूचना : अनेक लहान प्लेअरमध्ये घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज गेल्यानंतर नेटवर्क न मिळाल्यास त्यांची वेळ चुकते आणि वेळापत्रक कोलमडते. तारीख, वेळ आणि कालविभाग तपासावा. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. वेळ जुळवणारी सेवा १२३ क्रमांकाचे पोर्ट वापरते. सुरक्षा यंत्रणेने ते अडवले असल्यास इंटरनेट चालू असूनही घड्याळ चुकीचे राहू शकते. साठवणुकीची जागा संपल्यामुळे नवी फाइल उतरली नाही, असेही घडते.

दुरुस्तीनंतर संपूर्ण कार्यक्रमाची एक फेरी फलकासमोर उभे राहून पाहावी. नियंत्रण कक्षात प्लेअर सुरू असल्याची नोंद दिसली, तरी लोकांना योग्य सूचना दिसत असल्याची खात्री त्यातून होत नाही.