अदृश्याचें दर्शन

अजिंठ्याच्या डोंगरानें आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पाडले आहेत. घाटाखालीं पूर्णेकांठचें काळें रान, कापसाचा व्यापार आणि मलकापूर-शेगांवावरून जाणारी आगगाडी. घाटावर पैनगंगेचा उगम आणि मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हे तालुके. घाटावरच्या अशाच एका खेड्यांत सुमारें पन्नास वर्षांपूर्वीं आमच्या आजोबांना पहांटे लकवा झाला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. वाताचा जोर असेल असें समजून घरच्या मंडळींनीं दुपारपर्यंत तेल चोळलें, शेक दिला. मग बैलगाडी जुंपली व तालुक्याचें गांव गांठलें. डॉक्टरांनीं नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, तळपायावर रेघ ओढून पाहिली आणि ते म्हणाले, “मेंदूंत रक्ताची गुठळी अडकली आहे, कीं शीर फुटून रक्त सांडलें आहे, हें कवटीच्या आंत पाहिल्यावांचून मला सांगतां येणार नाहीं.” डॉक्टर मोठे अनुभवी होते, परंतु त्यांच्या दृष्टीला तेथवर वाटच नव्हती.

हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हे. गुठळीनें रक्तपुरवठा तुटला काय, किंवा रक्तस्राव झाला काय, बाहेरून दिसणारीं लक्षणें बहुधा सारखींच असतात; उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. गुठळी विरघळविणारें औषध रक्तस्राव झालेल्या रोग्यास दिलें, तर तें विषासमान ठरेल. हृदयाचेंही असेंच आहे. छातींत कळ येते, पण कोणती रक्तवाहिनी किती बुजली आहे, हें ती कळ सांगत नाहीं. मनुष्यदेहांतील हे दोन राजे असे पडद्याआड बसलेले. तो पडदा कसा सरला, ह्याचा वृत्तांत थोडक्यांत सांगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या कथेचा आरंभ ता. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्सबुर्ग येथें झाला. प्राध्यापक राँटगेन ह्यांस एक अज्ञात किरण गवसला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें जें चित्र घेतलें, त्यांत अस्थि व बोटांतील अंगठी स्पष्ट उमटली. आतां देहाचें कोणतेंही गुपित उरणार नाहीं, असें पुष्कळांस वाटलें. परंतु ती आशा अपुरी ठरली. क्ष-किरणांना हाड अडवितें, म्हणून हाडाची सांवली पडते. रक्त, स्नायु आणि मेंदू हीं घनतेनें जवळजवळ सारखीं. त्यामुळें त्यांच्या सांवल्या एकमेकींत मिसळून जातात. हृदयाची नुसती बाह्याकृति दिसे. मेंदू तर कवटीच्या दाट छायेंत बुडालेलाच राहिला.

तेव्हां आंत कांहींतरी वेगळें घातल्यावांचून आंतलें दिसणार नाहीं, अशी युक्ति निघाली. अमेरिकेंत वॉल्टर डँडी ह्यांनीं १९१८ मध्यें मेंदूंतील पोकळ्यांत हवा भरून चित्रें घेतलीं. १९२७ मध्यें लिस्बन येथें एगाश मोनिझ ह्यांनीं गळ्याच्या धमनींतून क्ष-किरणांना अडविणारें द्रव्य सोडलें व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचें जाळें प्रथमच दृष्टीस आणलें. ह्या पद्धती वेदनेच्या आणि धोक्याच्या होत्या; तथापि कित्येक दशकें मेंदूचे शस्त्रवैद्य त्यांवरच विसंबून होते.

हृदयाकडे जाणारी वाट एका धाडसी तरुणानें उघडली. १९२९ मध्यें जर्मनींतील एबर्सवाल्ड येथें वेर्नर फोर्समान नांवाच्या पंचवीस वर्षांच्या डॉक्टरनें वरिष्ठांची मनाई मोडून, स्वतःच्या दंडाच्या शिरेंतून एक बारीक नळी थेट हृदयापर्यंत सरकविली, आणि त्याच स्थितींत तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलींत पुरावा घेण्यास गेला! त्या वेळीं त्यास शाबासकीऐवजीं बोल मिळाले. नोबेल पारितोषिक मिळावयास १९५६ साल उजाडलें. पुढें १९५८ मध्यें क्लीव्हलंड येथें मेसन सोन्स ह्यांच्या हातून तें द्रव्य अनपेक्षितपणें हृदयाच्या स्वतःच्या धमनींत गेलें. रोगी वांचला आणि आजची अँजिओग्राफी जन्मास आली. ह्यापूर्वींच, १९५३ मध्यें, स्वीडनमध्यें एड्लर व हर्ट्झ ह्यांनीं निराळाच मार्ग काढला होता. धातूंतील भेगा शोधण्यासाठीं वापरावयाचें ध्वनियंत्र त्यांनीं उसनें आणलें, आणि कानाला ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून धडधडतें हृदय पाहिलें. जिल्ह्याच्या गांवीं होणारा ‘इको’ तो हाच.

मेंदूचा पडदा मात्र शस्त्रानेंही सरला नाहीं व किरणानेंही नाहीं. तो गणितानें सरला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा इंग्लंडांत शेतावर वाढलेला अभियंता. वैद्यकाची कोणतीही पदवी त्याच्यापाशीं नव्हती. त्याची कल्पना आमच्या शेतकऱ्यांस सहज समजेल. मळ्यांत न शिरतां, उभ्या, आडव्या व तिरप्या प्रत्येक ओळींतील झाडांची फक्त बेरीज कोणी सांगितली, तर पुरेशा बेरजांवरून कोणतें झाड कोठें आहे, हें हिशेबानें काढतां येतें. त्यानें मस्तकांतून असेच चोहोंकडून किरण पाठविले, प्रत्येक ओळींत ते किती अडले हें मोजलें, आणि बिंदूबिंदूची घनता गणकयंत्राकडून काढून घेतली. पहिल्या प्रयोगांत एका चित्रासाठीं नऊ दिवस मापें घ्यावीं लागलीं. ता. १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत एका जिवंत रोग्याच्या मेंदूचा छेद, सुरी न लावतां, प्रथम दिसला. ह्या सी. टी. स्कॅनमध्यें सांडलेलें रक्त पांढरें उमटतें. आजोबांपुढें उभ्या राहिलेल्या डॉक्टरांच्या प्रश्नाचें उत्तर तें हेंच.

दुसरी वाट चुंबकाची. प्रबळ चुंबकक्षेत्रांत अणूंचीं केंद्रें विशिष्ट रेडिओलहरींना प्रतिसाद देतात, हें ब्लॉक व पर्सेल ह्यांनीं १९४६ मध्यें दाखविलें. ह्या शास्त्राच्या बाल्यावस्थेंत एका भारतीयाचा हात लागलेला आहे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नाहीं. अर्नोल्ड व पॅकार्ड ह्यांच्यासह एस्. एस्. धर्मट्टी ह्यांनीं स्टॅन्फर्ड येथें मद्यार्काचा अभ्यास केला. एकाच रेणूंतील हायड्रोजनचे अणु आपापल्या शेजाराप्रमाणें तीन निरनिराळे संकेत देतात, हें त्यांनीं १९५१ च्या निबंधांत दाखविलें. पुढें मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत ह्या विषयाचें कार्य धर्मट्टींनींच उभें केलें. अणु आपल्या परिसराची बातमी देतो, एवढें कळल्यावर तो कोठून बोलतो हें शोधणें उरलें. तें लॉटरबर ह्यांनीं १९७३ मध्यें साधलें. मॅन्सफील्ड ह्यांनीं त्यास गति दिली. एम. आर. आय. तें हेंच. १९९० मध्यें ओगावा ह्यांनीं तर, रक्तांतील प्राणवायूच्या फरकावरून, मेंदूचा कोणता भाग काम करीत आहे हेंही चित्रांत पाहण्याचा मार्ग दाखविला.

आजोबांच्या दुखण्याच्या वेळीं सी. टी. चें यंत्र विलायतेंत चालूं झालें होतें. तें येथें असतें तरी त्यांचा हात परत आला असता, असें मात्र म्हणवत नाहीं. कारण गुठळी विरघळविणाऱ्या औषधाचा मेंदूच्या ह्या विकारांत उपयोग होतो, हें १९९५ मध्यें सिद्ध झालें. पाहण्याची विद्या आधीं आली, उपाय मागून आला. परंतु त्या उपायास मुदत आहे. सामान्यतः साडेचार तासांच्या आंत तो करावा लागतो, आणि त्याआधीं चित्र पाहावेंच लागतें. रक्तपुरवठा तुटल्यावर दर मिनिटास सरासरीनें सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब आहे.

आतां परिस्थिति पुष्कळ पालटली आहे. मेहकर-लोणारच्या बाजूनें जाणारा समृद्धि महामार्ग नागपूर ते शिर्डी असा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. बुलढाण्यास सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्यें सुरू झालें. हाउन्सफील्डचें चित्र मूळचें आंकड्यांचें असल्यामुळें तें तारेवरून क्षणांत दूर जातें. यंत्र एका गांवीं व चित्र वाचणारा तज्ज्ञ दुसऱ्या गांवीं, असेंही चालतें. रोग्यास मात्र यंत्रापाशीं देहानेंच जावें लागतें.

तेथेंच घरच्या माणसांचें कर्तव्य येतें. चेहरा वांकडा झाला, हात गळाला, बोलणें अडखळलें, तर तेल-शेकांत वेळ न दवडतां निघावें, आणि रोगी शेवटीं धडधाकट केव्हां दिसला ती वेळ ध्यानांत ठेवावी. डॉक्टर प्रथम तीच विचारतात. आमच्या आजीनें त्या दिवशीं मायेनेंच तेल चोळलें. तिला दोष कोण देईल? तिच्या हातीं दुसरें कांहींच नव्हतें. आमच्या हातीं मात्र सव्वाशें वर्षांच्या तपश्चर्येचें फळ आहे. पहांटेपासून दुपारपर्यंतचे ते तास कोणत्याही यंत्रास परत देतां येत नाहींत. ते न गमावणें एवढेंच आमच्याकडे राहिलें आहे.