उन्हाळ्याचे घर

आमचे गाव मेहकर तालुक्यातले, म्हणजे बुलढाण्याच्या भाषेत ‘घाटावरचे’. घाटाखाली मलकापूर, खामगाव, शेगाव. तिथल्या पाहुण्यांची आमच्याकडे उन्हाळ्यात नेहमीच ये-जा. “तुमच्याकडे बरे आहे बुवा,” असे ते म्हणत आणि आम्हांला उगाच अभिमान वाटे. काही वर्षांपूर्वी हा अभिमान एका दुपारी उतरला.

वडिलांच्या धाब्याच्या घराची एक भिंत पावसाने खचली होती. मी घरात थोरला. शहरात राहून शहाणा झालेला. सुटीत मुलाबाळांना सोयीचे पडेल म्हणून मी जुने घर पाडून, पातळ विटांच्या भिंतींच्या दोन खोल्या बांधल्या आणि वर काँक्रीटचा स्लॅब टाकला. वैशाखात आई तिथे राहायला गेली आणि तिसऱ्या दिवशी बाज उचलून गोठ्यात झोपायला आली. मी रागावलो, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “बापू, हे काही घर नाही, भट्टी हाय!”

मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला, पण आमच्याच मुलखातल्या माणसांनी उन्हाशी कसा संसार केला, हे पाहिले नव्हते. ते पाहायला धाकट्या भावाला घेऊन प्रथम सिंदखेडराजाला गेलो.

जिजाऊंचे हे जन्मगाव. 1598 साली त्यांचा जन्म झाला, तेव्हा वडील लखुजीराव जाधव निजामशाहीतले मातबर सरदार होते. राजवाड्याच्या प्रचंड दगडी दरवाज्यातून आत शिरावे, तर बाहेर चटका असताना दगडाला हात लावला की गारवा लागतो. पुढे पुतळा बारव. एकेक पायरी उतरावी तसे ऊन मागे पडते. चांदणी तलावाच्या तर मधोमध इमारत उभी केली आहे. ही अभिरुची त्या काळच्या दक्षिणेतली. निजामशाहीच्या राजधानीत, अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला), सोळाव्या शतकातला फराहबाग महाल असाच पाण्याने वेढलेला होता. पुढे मराठ्यांनीही ती जपली. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीत, 1719 ते 1724 या काळात, चक्क महालच बांधला गेला.

यात निव्वळ हौस नव्हती. कोरड्या हवेत पाणी वाफ होऊन जाताना उष्णता ओढून नेते. म्हणूनच वाळ्याचे पडदे वऱ्हाडात सुखावतात आणि दमट कोकणात निरुपयोगी ठरतात.

इंग्रजांनी दुसरी वाट धरली. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार त्यांच्या हाती आला. त्यांनी जिल्ह्याचे ठाणे घाटावर, बुलढाण्याला केले. उंची सुमारे दोन हजार फूट. हवा खालच्यापेक्षा सुसह्य. त्याहून थंड हवा हवी असेल, तर मेळघाटातले चिखलदरा होतेच. ऊन वाढले की साहेब वर जाई. रयतेला वर जाणे कुठले! तिने मातीचा आधार घेतला. बगदादची माणसे उन्हाळ्यात तळघरात दुपार काढीत. इजिप्तमध्ये हसन फथी या वास्तुविशारदाने 1946 नंतर मातीच्या विटांनीच नवे गाव उभे केले. आमच्या आजोबांना ही नावे ठाऊक नव्हती, पण धाब्याचे मर्म ठाऊक होते. हात-दीड हात जाड भिंतीत शिरलेले ऊन आत पोहोचेपर्यंत दिवस मावळतो आणि रात्रीच्या गार हवेत त्याचा जोर ओसरतो. सागवानी तुळयांवर मातीचे धाबे, त्यावर दर पावसाळ्याआधी खारी मातीचा थर. माझा स्लॅब मात्र दुपारीच तापे आणि मध्यरात्रीपर्यंत धगधगत राही.

परतताना भावाने नेमका प्रश्न विचारला, “दादा, पण दर साली खारी टाकणार कोण? तू तर सुटीपुरता येतोस.” मला उत्तर सुचले नाही. वडिलांची भिंत पावसाने नव्हे, आमच्या गैरहजेरीने खचली होती.

शेवटी दोघांनी मिळून तोड काढली. नवे घर पूर्व-पश्चिम लांब ठेवले. पश्चिमेला, जिथे ऊन तिरपे आणि निष्ठुर येते, तिथे कोठार व न्हाणी घातली. जाड भिंती दगड-मातीच्या. दक्षिणेला ओसरी. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सूर्य दुपारी अगदी माथ्यावर येतो, त्यामुळे ऊन ओसरीच्या छपरावरच अडते. हिवाळ्यात तो दक्षिणेला कलतो आणि ऊन आपण होऊन आत येते. छताला भावाचा स्लॅब, पण वर विटांच्या चुऱ्याचा आणि चुन्याचा जाड कोबा, त्यावर दर उन्हाळ्यात पांढरी सफेदी. चौकात निंब लावला.

गेल्या वैशाखात आई माजघरात दुपारी आडवी झाली. मी विचारले, “पंखा लावू का?” तिने डोळे न उघडताच म्हटले, “राहू दे.”

यंदाची दिवाळी आम्ही त्याच घरात करणार आहोत. अभ्यंगस्नानानंतर मुलांना ओसरीतल्या कोवळ्या उन्हात बसवायचे, असे आईने आताच ठरवून टाकले आहे. आणि पुढच्या उन्हाळ्यात सफेदी कोणी करायची, याची पाळीही तिनेच लावली आहे. पहिली पाळी माझी.