कल्याणचे भांडारी
येरुशलेमच्या मंदिरात सराफांचे चौरंग उलथविणाऱ्या येशूची कथा वाचताना बिदरकडच्या आम्हां मराठी माणसांना बसवकल्याण आठवते; मात्र मंगळवेढ्याहून कल्याणास आलेल्या बिज्जळ कलचुरीच्या खजिन्याचा जमाखर्च सांभाळणारे बसवेश्वर हे खुद्द दरबारातले अधिकारी असल्याने त्यांचे जातिभेदाविरुद्धचे बंड राजास अधिकच झोंबले असावे. हरळय्या चर्मकाराने स्वतःच्या मांडीच्या कातड्याचे जोडे बसवेश्वरांसाठी शिवले आणि त्यांनी ते पायांत न घालता मस्तकी धरले, असे परंपरा सांगते. त्याच हरळय्याच्या पुत्राशी ब्राह्मण मधुवरसाच्या कन्येचा विवाह ठरला, तेव्हा बिज्जळाने दोघा व्याह्यांना हत्तीच्या पायी बांधून फरफटविले, असेही तीच परंपरा म्हणते. इ. स. ११६७-६८ च्या सुमारास बिज्जळाची राजवट संपली. बसवेश्वरांचे अनुयायी असलेले शरण पांगले, बसवेश्वर कूडलसंगमास गेले.